बंदराचे तेरा, वजा सात

९ एप्रिल, गुरुवार

आजही बाहेर गेले नाही. रेडिओवर बंदराचा आकडा आला – रात्रीचं कमीत कमी तापमान तेरा. त्यातून सात वजा, वर एरवी साधारण तेवढं जास्त गार असतं म्हणून. आमच्या पठारावर सहा. वहीत सहा लिहिलं, हवामान कार्यालयाला फोनवर सहा कळवलं.

तापमापकाची पांढरी पेटी शेताच्या त्या टोकाला. गुडघा दुखतो हे खरं. पण पहिल्यांदा ताप होता म्हणून असं घरबसल्या केलं, दुसऱ्यांदा बर्फ होतं म्हणून, आणि पुढे काहीच कारण नव्हतं. दोन वर्षं झाली. कुणाला कळलं नाही.

१० एप्रिल

वार्दिसचा फोन. तो खाली बंदराजवळ मधमाश्या पाळतो.

“मावशी, वर रात्री किती उतरतंय? नव्या पेट्या आणायच्यात. नाशपाती फुलली म्हणे.”

“सहा.”

“आणि परवा किती होतं?”

“परवाही सहाच.”

“मग झालं. लहान वसाहती आहेत, फार गारठा झेपायचा नाही त्यांना. तुम्ही म्हणताय म्हणजे आणतो.”

फोन ठेवल्यावर वाटलं, निदान आता जाऊन बघावं. गेले नाही.

१२ एप्रिल, रविवार

वार्दिस सव्वीस पेट्या घेऊन आला. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात! खाली लोक समुद्रात डुंबतायत म्हणाला. शेजारच्या रोदान्थीनं नवऱ्याचा लोकरी स्वेटर त्याच्या अंगावर टाकला. “इथे चूल पेटतेय अजून, आणि हा बघा राजपुत्र!” सगळे हसले. मीही.

पेट्या पठाराच्या मधोमध ठेवल्या, नाशपातींच्या बागेत. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, मांस वर्ज्य पण गोगलगाय चालते, म्हणून गोगलगाईंचं कालवण केलं होतं. पोटभर जेवून गेला.

१४ एप्रिल, मंगळवार

रात्र निरभ्र होती, वारा अजिबात नाही. रेडिओ म्हणाला बारा. मी पाच लिहिलं, पाच कळवलं.

नऊच्या सुमाराला रोदान्थी दारात. “आर्गिरो, शेळ्यांच्या बादलीतलं पाणी गोठलंय. किती होतं गं रात्री?”

“बघते,” म्हटलं. काठी घेऊन गेले. गवत बुटाखाली करकर वाजत होतं. पेटी उघडली. उणे तीन.

मला माहीत होतं हे. अशा शांत रात्री डोंगरावरची थंडी पाण्यासारखी खाली उतरते आणि आमच्या पठारात साचून राहते. तेव्हा बंदरातून सात वजा करून चालत नाही. कितीतरी वर्षं माझ्याच हातानं लिहिलंय. काल रात्री आकाश बघूनच वार्दिसला फोन करायला हवा होता. केला नाही. केला असता तर कालपर्यंतचे सहा कुठून आले, तेही सांगावं लागलं असतं.

१५ एप्रिल

वार्दिस आला. एकेक झाकण उघडत गेला. एकोणीस पेट्यांत माश्या मूठभर गोळा होऊन मेलेल्या. बाकीच्या सातांतही पिल्लावळ गारठून गेलेली. मी त्याच्यामागे उभी.

“वर चर्चपाशी ठेवायला हव्या होत्या,” तो म्हणाला. “तिथे बदामाच्या पानालाही काही झालेलं नाही. दोनशे हात वर फक्त. माझंच चुकलं.”

“वार्दिस–”

“तुमचा आकडा बरोबरच होता हो मावशी. ती एक रात्रच फिरली.”

त्यानंच माझा हात धरून मला बांधावरून उतरवलं.

१९ एप्रिल, रविवार

चर्चच्या अंगणात ऐकलं. वार्दिस उरलेल्या पेट्या विकतोय. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात खुर्च्या मांडायला जाणार. वडिलांपासूनचा धंदा. पाद्रीबाबांनी कबुलीजबाबाला कधी येतेस म्हणून विचारलं. पाय दुखतो म्हटलं. देवाच्या दारातही तोच गुडघा पुढे केला.

२२ एप्रिल

हवामान कार्यालयाचं पत्र. गेल्या दोन वर्षांत पठाराचे आकडे बंदराच्या आकड्यांबरोबर तंतोतंत चालत आलेत. सबब पठारावर वेगळ्या केंद्राची गरज उरलेली नाही. जूनअखेर बंद. माझ्या सेवेबद्दल आभार.

चारदा वाचलं. गप्प बसले तर कुणालाच काही कळणार नाही. आणि यापुढे इथे गारठ्याची खबर कुणालाच मिळणार नाही. सगळे बंदराचाच आकडा धरून चालतील.

२३ एप्रिल

आधी वार्दिसला फोन. सगळं सांगितलं. एका दमात, नाहीतर जमलं नसतं.



“दोन वर्षं?”

“हो.”

“म्हणजे बागेत मी तुमच्यापुढे माझी चूक म्हणत होतो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत.”

त्यानं फोन ठेवला. मग कार्यालयाला पत्र लिहिलं. पहिली खोटी नोंद नेमकी कोणत्या तारखेची, ते आठवेना. तसंच लिहिलं.

२४ एप्रिल

पत्र टाकलं. परत येताना रोदान्थीला सांगितलं. ती शेळीची धार काढत होती. काढतच राहिली.

१८ मे

उत्तर आलं. केंद्र बंद होणार नाही, रोदान्थी नोंदी घेईल. खोटं कुठून सुरू झालं ते ठरवता येत नसल्यामुळे माझ्या हातच्या सगळ्या नोंदी रद्द. एकतीस वर्षांच्या. त्यातली एकोणतीस खरी होती.