ब्रॅडफर्डहून आलेले ट्रंक कॉल

७ ऑक्टोबर २००८, मंगळवार

गिलक्रिस्ट आला होता. पुन्हा. या खेपेला रेकॉर्डर घेऊन — एवढासा, साखरेच्या भांड्यामागे ठेवला तर दिसेनासा झाला. चॅपल विकलं जाणार आहे. त्याआधी गावाच्या आठवणींचं पुस्तक काढायचं त्यानं मनावर घेतलंय. माणूस लीड्सचा, शाळामास्तर, निवृत्त होऊन इथं आला त्याला सहा वर्षं झाली. थॉर्नरिगची कुठली दगडी भिंत कुठल्या साली घातली ते तोच आम्हाला सांगतो. भिंत घालणारा दुपारपर्यंत दारू पिऊन कुठं पडलेला असायचा, ते मी सांगते. तेही लिहून घेतो बिचारा.

आज त्याला टेलिफोन एक्स्चेंजबद्दल हवं होतं. सांगितलं. पोस्टाची मागची खोली. आई पुढं तिकिटं विकायची, मी मागं बोर्डापुढं. सगळ्या खोऱ्यात मिळून चौतीस फोन. ज्याच्या घरून फोन येईल त्याच्या नंबराची झडप पडायची, वायर खोचायची, कोण हवंय विचारायचं, जोडून द्यायचं. सतराव्या वर्षी बसले, अठ्ठाविसाव्या वर्षी उठले. मग आपोआप लागणारे फोन आले आणि त्या खोलीत आम्ही बटाटे ठेवायला लागलो.

"म्हणजे सगळ्या गावाची गुपितं तुमच्या कानात असणार, मिस अल्डरसन," तो हसत म्हणाला.

मी म्हटलं, छे, आम्ही ऐकत नसू. नियमच होता तसा.

खोटं बोलले. आणि ते रेकॉर्डही झालं.

८ ऑक्टोबर

आज कुणाशी बोलणं नाही. रेडिओला "पुरे" म्हणाले, ते धरलं तर एक शब्द.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मार्जरी आली. गुरुवारी चारला येते, इतकी वर्षं येते. आल्याचा केक आणला होता, मधोमध बसलेला. "ओव्हन म्हातारा झालाय," म्हणाली. आम्ही काय तरुण आहोत? दोघीही सत्तरच्या. शाळेत एका बाकावर होतो.

आमच्या खालच्या आळीत सात घरं. पाच सुट्टीवाल्यांची, ईस्टरपर्यंत बंद. दाराशी किल्ल्यांच्या डब्या लटकतात. एका घरात मी. एकात तो पाठीच्या दुखण्याचा माणूस, जो खिडकीतून हात करतो पण बाहेर येत नाही. मार्जरी वर, बापाच्या शेतघरात, एकटी. जमीन दुसऱ्याला कसायला दिली, घर ठेवलं.

गिलक्रिस्टच्या पुस्तकात गाव सोडून गेलेल्यांची यादी येणार आहे. मार्जरीनं त्याला सांगितलं, आमच्या लोइसचं नाव घालू नका. मला सांगताना चमचा कपात फिरवत राहिली. साखर घेत नाही ती.

आणि मग तेच वाक्य. "एकदा फोन करावासा वाटला नाही तिला, थर्झे. एकदासुद्धा."

मी केकचा तुकडा तोंडात घातला. पन्नास वर्षं मी या वाक्यावर काहीतरी खात आलेय किंवा पीत आलेय.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहून टाकते. कुणी वाचणार नाही. माझ्यामागं ही वही उघडायला तरी कोण आहे?

लोइस मार्जरीची थोरली बहीण. १९५८ च्या फेब्रुवारीत घरातून गेली. खाणीवर एक पोलिश माणूस होता, स्टेफान. युद्धानंतर इथंच राहिलेला. शांत, उंच, डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. कॅथलिक. लोइसचा बाप, मॅथ्यू पीकॉक, आमच्या प्रोटेस्टंट चॅपलचा कारभारी — दारूचा थेंब नाही, रविवारी वर्तमानपत्र नाही. त्याच्या मुलीनं कॅथलिकाशी लग्न करायचं! दोघं ब्रॅडफर्डला निघून गेले. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्या कुटुंबाची नावं होती, त्यातलं तिचं बापानं खोडलं. मार्जरीनंच मला सांगितलं होतं तेव्हा, रडत.

पंधरा दिवसांनी पीकॉक पोस्टात आला. हॅट हातात. गुरं विकताना यायचा तसा घसा साफ केला. आई म्हणाली, बसा. बसला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरी, ब्रॅडफर्डहून आमच्या घरी फोन आला तर घरात कुणी उचलत नाही म्हणून सांगायचं. माझी बायको अंथरुणाला खिळलीय. हे तिच्या कानावर गेलं तर ती जाईल." पोस्टाची इमारत त्याचीच होती. तो ते बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

फोन रविवारी यायचे, दुपारी तीनच्या सुमाराला. ती वेळ लोइसनं विचार करून धरलेली. तीनला बाप चॅपलमध्ये मुलांना बायबल शिकवायचा. तिची आई वर बिछान्यात. घरात खाली फक्त मार्जरी. म्हणजे फोन मार्जरीसाठीच होता. मला ते पहिल्याच रविवारी कळलं.

ब्रॅडफर्डच्या एक्स्चेंजची बाई म्हणायची, थॉर्नरिग चौदा द्या, म्हणजे पीकॉकचं घर. मी हातात वायर घेऊन तशीच बसायची. मनात वीस आकडे मोजायचे. मग: "उत्तर नाही."

तिसऱ्या का चौथ्या वेळी लोइस मध्येच बोलली. "थर्झा, तू आहेस ना गं?"

मी म्हटलं, "क्षमा करा, उत्तर नाही."

एकदा म्हणाली, "मार्जरीला सांग मला दिवस गेलेत. एवढं तरी सांग. तिला सांग, ये."

मी म्हटलं, "क्षमा करा, उत्तर नाही."

असे अकरा रविवार. जून संपता संपता फोन थांबले. कंटाळली असेल, असं मी मनाला समजावलं.

१३ ऑक्टोबर

कालचं वाचलं. सगळं खरं, तरी खोटं. मार्जरीच्या बापाच्या धाकानं केलं असं वाटतं वाचून.

धाक होता. पण पीकॉक १९७१ मध्ये गेला. बायको त्याच्या आधीच. त्यानंतर कुणाचा धाक होता मला?

१९५८ च्या त्या वर्षी मार्जरीला लीड्सच्या इस्पितळात नर्सिंगला घेणार होते. पत्र आलेलं. जाऊ की नको, जाऊ की नको, चाललं होतं तिचं. लोइसचा आवाज ऐकला असता तर गेली असती. आधी ब्रॅडफर्ड, मग लीड्स. माझ्या वयाची दुसरी मुलगी या खोऱ्यात नव्हती. बोर्डापुढं बसून मी दिवसभर दुसऱ्यांची माणसं दुसऱ्यांना जोडून द्यायची. माझ्यासाठी एकच यायची, संध्याकाळी, दुधाची किटली परत न्यायच्या निमित्तानं.

तीही गेली तर?

हे आहे खरं. ती गेली नाही. आईची सेवा केली, मग बापाची. लग्न नाही, लीड्स नाही. दर गुरुवारी चारला आली. मला जे हवं होतं ते मिळालं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज सांगणार होते. ती गुडघ्याबद्दल बोलली. मीही गुडघ्याबद्दल बोलले.

२० ऑक्टोबर

मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या. आळीतून जाताना एकच गोंधळ, दहा मिनिटं. गाव भरल्यासारखं वाटलं. मग पुन्हा सामसूम. रस्ता धुवायला पाऊस लागेल.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

ती आली, कोट काढला, बसली. मी चहा ओतायच्या आधीच बोलले, नाहीतर पुन्हा गुडघ्यावर गेलो असतो. सगळं सांगितलं. बापाचं, रविवारचं, दिवस गेल्याचं. लीड्सचंही. मला तू जायला नको होतीस, हेही.

मला वाटलं होतं ओरडेल. निदान रडेल. ती माझ्याकडं बघतही नव्हती, शेगडीकडं बघत होती.

"किती वेळा?" एवढंच विचारलं.

"अकरा."

मान हलवली. जणू दुकानात भाव विचारला आणि पटला. मग उठली. कोटाचं बटण एक घर चुकून लावलं होतं, मी सांगितलं नाही. दार हळू ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन कप काढून ठेवले होते. पाच वाजता एक परत ठेवला.

६ नोव्हेंबर

आली नाही.

१० नोव्हेंबर

गिलक्रिस्टला बोलावलं. मीच! तो धावतच आला, डायरी, पेन, ते यंत्र. मी म्हटलं, यंत्र बंद ठेवा. त्या दिवशी एक खोटं बोलले होते, ते पुस्तकात जायला नको. आम्ही ऐकत असू. मी ऐकत असे.

त्यानं पेन खाली ठेवलं. चांगला मास्तर असणार, मुलं कबूल करत असतील त्याच्यापाशी. थोडक्यात सांगितलं. मार्जरीचं नाव घेतलं नाही, पण सहा वर्षं या गावात आहे, न कळायला काय झालं.

विचारलं, ब्रॅडफर्डच्या जुन्या पोलिश लोकांचा पत्ता लागेल का? म्हणाला, त्यांचं चर्च आहे, लग्नांच्या, बारशांच्या नोंदी असतील. पत्र मी लिहितो. मी म्हटलं, नको, मी लिहिते. अक्षर चार वेळा बिघडलं. पाचव्यांदा बरं आलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बुधवारच्या बसनं बाजारात गेले होते काल. मार्जरी पुढच्या बाकावर होती. चौदा मैल तिच्या टोपीकडं बघत गेले. उतरताना ड्रायव्हर तिला म्हणाला, "आज मैत्रीण नाही वाटतं बरोबर?" ती म्हणाली, आहे की, मागं.

दिवसभर तेच घोळवतेय. मागं.

२१ नोव्हेंबर

बर्फ. पाववाला वर येऊ शकला नाही. मार्जरीच्या धुराड्यातून धूर निघतोय का, ते माडीच्या खिडकीतून दिसतं. निघतोय. नऊला पाहिलं, बाराला पाहिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

चॅपलची शेवटची प्रार्थना. एकोणीस माणसं, त्यातली सात फोटो काढायला आलेली. गिलक्रिस्टनं भिंतीवर जुने फोटो लावले होते. एकात मी बोर्डापुढं, कानाला यंत्र, केस नुकतेच कुरळे करून घेतलेले. लोक म्हणाले, किती गोड दिसत होतात.

मार्जरी बापाच्या बाकावर बसली, एकटी. आम्ही १९६२ नंतर कायम खिडकीजवळ एकत्र बसायचो. गाताना तिचा आवाज ओळखू आला. बाहेर पडताना मी मुद्दाम मागं रेंगाळले, तिनं गाठावं म्हणून. ती दुसऱ्या दारानं गेली.

५ डिसेंबर

ब्रॅडफर्डच्या पाद्र्याचं पत्र. सुबक, टाइप केलेलं.

लोइस १९९३ मध्ये वारली. स्टेफान तिच्या आधी. एकच मुलगी, हेलेना, १९५८ च्या नोव्हेंबरातली. हडर्सफील्डला असते, शाळेत स्वयंपाकघर सांभाळते. पाद्र्यानं तिला विचारूनच पत्ता आणि नंबर दिलाय. खाली लिहिलंय: हेलेना म्हणतात, आईच्या माहेरचं कुणी आहे हे कळून आनंद झाला, आई गावाबद्दल बोलायची, माणसांबद्दल नाही.

तर लोइस पस्तीस वर्षं होती तिथं. बसनं दोन तासांवर. मी म्हटलं असतं "जोडते," तर.

६ डिसेंबर

पत्र मार्जरीच्या दारातून आत सरकवलं. चिठ्ठी जोडली नाही. काय लिहिणार? चढण चढताना तीनदा थांबले. आत दिवा होता, रेडिओ चालू होता. पत्र फरशीवर पडलं आणि रेडिओ बंद झाला. मी निघून आले.

११ डिसेंबर, गुरुवार

चारला दार वाजलं. मार्जरी. पत्र हातात. बसली नाही.

मी विचारलं, हेलेनाला फोन केलास? म्हणाली, नाही, आधी तुझ्याकडं यायचं होतं.

मग तिनं सांगितलं. १९५८ च्या त्या जूनच्या शेवटी मी अपेंडिक्ससाठी डार्लिंग्टनला इस्पितळात होते. दहा दिवस. बोर्डावर माझी आई होती — आणि आईनं लोइसचा फोन जोडून दिला. मला कधी बोलली नाही. मार्जरीनं उचलला. लोइस म्हणाली, ये गं, बाळंतपणाला तू हवीस. वर तिची आई खोकत होती, धारा काढायच्या राहिल्या होत्या, आणि लोइस सगळं माझ्या गळ्यात टाकून गेली, एवढंच मार्जरीच्या मनात आलं. एक शब्द न बोलता तिनं फोन ठेवून दिला. पुन्हा आला नाही.

"तिनं एकदाही फोन केला नाही, असं म्हणताना दर वेळी वाटायचं, तुझ्या आईनं तुला सांगितलं असेल. आज तरी म्हणशील, मार्जरी, खोटं बोलतेस."

ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही.

"बोर्डावर तू असतीस ना थर्झे, तर तो फोन लागलाच नसता. मला ठेवावा लागला नसता."