नसीमाचं वाचायचं यंत्र

१६ जून २०१४, सोमवार
बदलीचा कागद आला. अकोल्याहून अमरावती. नऊ वर्षं मागत होते. मिळाली, आणि दुपारभर डबा उघडला नाही. महिन्याभरात रुजू व्हायचं. साहेबांना म्हटलं, इतक्यात कोणाला बोलू नका.
कोणाला म्हणजे नसीमाला. ऑफिसचा टेलिफोन तिच्याकडे. येणारा प्रत्येक आवाज ओळखते, माझा तर खोकलासुद्धा. संध्याकाळच्या एस.टी.त डोकं दुखतं म्हणाले. वाचलं नाही.

१७ जून, मंगळ
मी इथं अमरावतीत राजापेठला चढते तोवर न.ने जागा धरलेली असते. बडनेरा मागे पडलं की पुस्तक उघडायचं, मूर्तिजापूरला थांबायचं, मग पुन्हा बोरगावपर्यंत. परत येताना पेपर. नऊ वर्षं हेच. तिची नजर सातव्या वर्षी तापात गेली. ब्रेल फाडफाड वाचते, पण ब्रेलमध्ये मराठी कादंबरी मिळत नाही, आणि मिळाली तरी पोत्यात भरून न्यावी लागेल. म्हणून मी.
मी गेल्यावर कोण?
रोहितला पुण्याला फोन. "आई, ई-रीडर घे ना. बोलतो तो. माझा जुना पाठवतो."

२२ जून, रविवार
रो.चं पार्सल. पाटीएवढं, पापडासारखं हलकं. अक्षरं कागदावर छापल्यासारखी, डोळ्यांना त्रास नाही. मलाच मोह झाला. पण मराठी पुस्तक टाकलं तर ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. बोलतही नाही. बोलणारं वेगळं असतं म्हणे, आणि तेही इंग्रजीच बोलतं. वर हाताला लागेल असं एक बटण नाही.
हे म्हणाले, "आंधळ्या बाईले आरसा भेट देऊन राहिली तू."
राग आला. पण खरं आहे.

२३ जून, सोम
न.ला अर्धं सांगितलं. "तुझ्यासाठी वाचायचं यंत्र पाहून राहिली."
"काहून? तुमचा घसा बसला का?" हसली. मी दोन प्रकरणं वाचली. कशाबद्दल होती, विचाराल तर सांगता यायचं नाही.

२५ जून, बुध
उतरल्यावर न.ला घेऊन राजापेठेतल्या मोबाइलच्या दुकानात. टॅब्लेट पाहिला. दुकानदार माझ्याकडे बघून, "ताईंना आवाज कसा पाहिजे?"
न. : "ताईले विचारा ना. ताई इथंच उभी आहे."
बिचारा गडबडला. मग मराठी आवाज लावला. पत्र्याच्या डब्यात माणूस कोंडल्यासारखा. पूर्णविराम आला तरी थांबत नाही, आणि 'दवाखाना'चं 'डवाकाना' करतो. न. इतकी हसली की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "हा मेला लग्न पण त्याच सुरात वाचीन अन् मौत पण."
काच गुळगुळीत. बोट जरा सरकलं की पुस्तक बंद होऊन भलतंच काही उघडतं. चारदा झालं. पाचव्यांदा तिनं तो माझ्या हातात दिला. "घरी भाभीचे लेकरं सिनेमे पाहतीन याच्यावर."

२८ जून, शनिवार, सुटी
अंधांसाठीच्या एका संस्थेत गेलो, दोघी. तिथल्या बाई स्वतः अंध. न.शी बोलल्या, माझ्याशी नाही. मी खुर्चीवर पर्स धरून बसले.
यंत्र विटेएवढं, दिसायला ओबडधोबड. पण प्रत्येक बटणाचा आकार वेगळा, बोटाला कळणारा. आत माणसांच्या आवाजात वाचलेली पुस्तकं. कोणी कोणी स्वयंसेवकांनी घरी बसून वाचलेली. मराठी मोजून चाळीस.
न.ला पाच मिनिटांत सगळी बटणं आली. एक बटण वेग वाढवायचं. तिनं वाढवला. अजून वाढवला. मला शब्द कळेनासे झाले, ती मान डोलवत ऐकत होती.
"इतकं भरभर समजते तुले?"
"तुमी लई हळू वाचता, मंदाताई." सहज म्हणाली.
नऊ वर्षं!
पंधरा दिवस वापरून बघा म्हणून दिलंय त्यांनी.

१ जुलै, मंगळ
रोजे सुरू झाले. न. सकाळी गाडीत यंत्र कानाला लावून. मी खिडकीतून बघत आले. रानं अजून काळीच. पेरलेलं काही ठिकाणी उगवून वाळलं, लोक पुन्हा पेरणीच्या तयारीत. ऑफिस शेतीखात्याचं, त्यामुळं फोनची घंटा थांबत नाही. न.चा घसा दुपारपर्यंत कोरडा, आणि पाणी प्यायचं नाही.
माझ्या पिशवीत अर्धवट राहिलेली कादंबरी. मागितली नाही तिनं.

७ जुलै, सोम
लिहून टाकते, नाहीतर उद्या मी हेही बदलून लिहीन.
बडनेऱ्यानंतर तिनं कानातून तार काढली.
"त्या बाईले भावानं ठेवून नाही घेतलं, मंदाताई."
"कोणत्या बाईला?" विचारलं, पण कळलं होतं.
दोन वर्षांपूर्वी वाचलेली कादंबरी. नवऱ्याचं घर सोडून बाई भावाकडे येते. पुस्तकात भावजय दारातूनच परत पाठवते, शेवटी कुठल्याशा आश्रमात ती एकटी. मी ते वाचलं नाही. पानाकडे बघत बघत सगळं मनानं सांगितलं. भाऊ स्टेशनवर येतो, पेटी उचलतो, घरी नेतो. बोरगावच्या आत संपवलं. न. तेव्हा म्हणाली होती, चांगला शेवट आहे. ती कादंबरी संस्थेच्या चाळिसांत निघाली.
"तू भावाकडं राहतेस. तुले वाईट वाटलं असतं म्हणून."
"माझी भाभी कशी आहे, मले मालूम आहे. चांगली आहे. वाईट असती तं पुस्तकानं काय अजून वाईट झाली असती?"
मी पिशवीचा बंद आवळला.
"अन् त्या दुसऱ्या पुस्तकात ते दोघं पावसात खोलीत गेले, तिथून तुमी एकदम सकाळ केली. मी काय समजली नसन? सेहेचाळीस वर्षांची आहो मी."
मागच्या सीटवरचे ऐकत होते. तिनं आवाज कमी केला नाही.
"पेपरात बी तेच. आत्महत्येची बातमी आली का तुमचा आवाज खालच्या बातमीवर उडी मारते. दहा वाजतापासून मी फोनवर काय ऐकतो, मंदाताई? पाऊस नाही, बियाणं जळालं, साहेब आहेत का. परवा एक बाई अर्धा तास रडत होती. साहेब नव्हते. मी लाइन सोडली नाही. अन् संध्याकाळी तुमी मले भाजीचे भाव वाचून दाखवले."
"चूक झाली," म्हणाले.
"तुमी मले लेकरू करून ठेवलं," एवढं म्हणाली. मग तार पुन्हा कानात.

८ जुलै, मंगळ
न. एस.टी.त नव्हती. रेल्वेनं गेली म्हणे.

९ जुलै
आजही रेल्वेनं. ऑफिसात "नंबर जोडून देते" एवढंच, जसं सगळ्यांना म्हणते तसं.
घरी जुन्या कादंबऱ्या काढून बसले. कुठं कुठं काय गाळलं, आठवायचा प्रयत्न केला. मला वाटलं होतं पाच-सात जागा निघतील. दुसऱ्याच पुस्तकात मोजणं सोडून दिलं. ह्यांनी विचारलं, काय शोधून राहिली? काही नाही म्हणाले.
बघा, पुन्हा.

११ जुलै, शुक्र
आज होती गाडीत. जागा धरलेली. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, बदली झाली, अठराला शेवटचा दिवस.
"मालूम आहे."
"कोणी सांगितलं?"
"अमरावतीच्या ऑफिसातून साहेबांले फोन आला होता ना, कागद यायच्या आधी. तो मीच जोडला."
म्हणजे माझ्याही आधीपासून. "मग बोलली काहून नाहीस?"
"तुमी कधी सांगता, ते पाहून राहिली होती." मग बोटं दुमडत मोजल्यासारखं करून, "कागद आल्यापासून पंचवीस दिवस लागले."
मला रडू आलं. तिनं हाताला हात लावला नाही की काही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "नाक पुसा अन् पेपर वाचा. पहिल्या पानापासून."
वाचला. तीन नावं होती. गावांसकट वाचली. एक गाव तिच्या ओळखीचं निघालं. "याच तालुक्यातून ती बाई बोलत होती," म्हणाली. बोरगाव येईतो दोघी त्याच बाईबद्दल बोलत होतो.

१३ जुलै, रवि
यंत्र संस्थेत परत नेऊन दिलं. मी म्हणाले, नवीन मी घेऊन देते, माझी निरोपाची भेट. आणि विटेपेक्षा टॅब्लेटच घेऊ, पुढं त्यावर शेकड्यांनी पुस्तकं येतील असं रो. म्हणतो.
न. : "पुढं येतीन तवा पाहू. काचेवर मले माझं बोटच सापडत नाही. मले वीट पाहिजे. अन् मीच घेईन. तुमी दिलं तं ते तुमचं यंत्र होईन."
तिथल्या बाईंकडे नाव लिहून आली. मी नुसती सोबत. बरं वाटलं का वाईट, ठरवता आलं नाही.

१८ जुलै, शुक्र
शेवटचा दिवस. शाल, नारळ, समोसे. साहेबांनी भाषणात माझी शिस्त वगैरे. न.चा रोजा, ती बोर्डासमोरून उठलीच नाही. फोन चालू होते.
परतताना बडनेऱ्याच्या आधी तिनं विचारलं, "पिशवीतली कादंबरी अर्धीच राहिली ना?"
"हो."
"तिची बाई पुढं काय करते, ते मले पाहिजे. यंत्रात तुमचा आवाज भरता येते. संस्थेतल्या बाईनं दाखवलं मले. तुमी घरी बसून वाचा. पण सगळं. एक ओळ गाळायची नाही."
"आणि हळू वाचते मी, त्याचं काय?"
"मी वेग वाढवीन."

३० जुलै, बुध
काल ईद. न.च्या घरी गेलो, हे आणि मी. भाभीनं शिरखुर्म्याची दुसरी वाटी न विचारता भरली. निघताना न.नं नवं यंत्र फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलं. सोमवारपर्यंत माझ्याकडे.

२ ऑगस्ट, शनि
नवीन ऑफिस घरापासून दहा मिनिटं. साडेसहालाच जाग येते, मग काय करू कळत नाही.
संध्याकाळी वाचायला बसले. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा. शेजारचा कुकर चार शिट्ट्या, त्या आत गेल्या. दोन प्रकरणं झाली. एका ठिकाणी नवरा-बायकोचं होतं, पान-दीड पान. ह्यांना भावाकडे पिटाळलं होतं ते बरं. कान तापले पण वाचलं. सकाळ केली नाही.

३ ऑगस्ट, रवि
शेवटून तिसरं प्रकरण. नायिकेच्या आईची दृष्टी जाते. लेखकानं काय काय लिहिलंय. अंधाराच्या विहिरीत पडलेली, जगण्यात आता काही उरलं नाही, लेकीवर ओझं. सव्वा पान तेच. आधी मनात वाचलं, मग पाणी पिऊन आले. मग बटण दाबून एका सुरात सगळं वाचलं. शब्द न् शब्द.
पान संपलं, पण बोट बटणावरून उठलं नाही. आणि तोंडातून गेलं, "नसीमा, हे त्यानं लिहिलंय. मी नाही."
गाळायचं नाही, असं ठरलं होतं. घालायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. तरीपण.
पुन्हा ऐकलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. तेवढं पुसायचंही बटण आहे, उजवीकडचं खालचं, चौकोनी. पुसलं तर गाळल्यासारखं, ठेवलं तर पुन्हा तिला लेकरू केल्यासारखं. ह्यांना विचारलं. म्हणाले, तुमच्या दोघींचं तुमी पाहा.
पुढची दोन प्रकरणं संध्याकाळपर्यंत वाचून संपवली. उद्या सकाळी तिची गाडी राजापेठला थांबेल, तेव्हा खिडकीतून द्यायचं ठरलंय. यंत्र फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं आहे. ते वाक्य अजून आत आहे.