एका हाताला दुसरा कळेना

ती. ताईस,
मनाने वाकून नमस्कार. कमरेने आज जमत नाही.

सकाळी लॉजच्या खोलीत प्रार्थनेला हात जोडले, तर एका हाताला दुसरा कळेना. आठवडाभर हँडल धरून बोटं बधिर झालीत. शर्टाची बटणं शेवटी मॅनेजरने लावली. म्हणाला, "काका, नवरदेव झालात."

लहानपणी शाळेत सायकलने जायचो, तेवढ्या भरवशावर हजार किलोमीटरच्या मोहिमेत नाव दिलं. तू म्हणाली होतीस, "आधी गुडघ्यांना विचार."

अक्षर पाहून घाबरू नकोस. सायकल थांबवली की बोटं बरी होतील, बहुधा, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या डोळ्यांचं औषध चालू आहे ना?

रोज देवाकडे बळ मागायचो. आज थांबायची लाज वाटू नये, एवढंच मागितलं आणि सायकल बसच्या टपावर चढवली.

तुझा,
बसने परतणारा भाऊ