चौदा महिन्यांचं जहाज

मालवीय नगर, जयपूर
१६ फेब्रुवारी १९८७

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र रागात लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या. जयंतदादाने बोटीवरून येताना आणलेला तो लाकडी जहाजाचा संच तुम्हाला आठवत असेल. अडीचशे वर्षांपूर्वीचं तीन डोलकाठ्यांचं डच जहाज, पण हाती आल्या होत्या नुसत्या पट्ट्या, दोरे आणि नकाशा. ते मी पुरं केलं. इथल्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं, म्हणून टेबलाखाली पाण्याची परात ठेवत होते. एकेक पट्टी भिजवून इस्त्रीच्या टोकावर वाकवली. शिडांसाठी बगरूहून कोरं कापड आणून चहाच्या पाण्यात बुडवलं.

काल ह्यांच्या मोठ्या साहेबांची, माथुरजींची, जवाहर नगरात वास्तुशांत होती. सकाळी हे लवकर पुढे गेले. मी मागून पोचले, हातात प्रसादाचा द्रोण घेतला आणि समोर पाहते तर दिवाणखान्यात माझं जहाज! ह्यांनी भेट दिलं होतं. तेही एक वेळ गिळलं असतं. पण हे चारचौघांना सांगत होते, की ऑफिसातून आल्यावर रोज थोडं थोडं करत मी हे बनवलं. मिसेस माथुर मला म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांच्या हातात जादू आहे. मी हसले, आप्पा. त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.

घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, प्रमोशनचं वर्ष आहे, एवढं काय त्यात.

तुमची संतापलेली,
निशिगंधा

वेंगुर्ला
२४ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. निशिगंधास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी आई वाचून दोन वेळा जेवली नाही. उमाकांतराव चुकले, पण मनाने वाईट नाहीत. पोरी, संसारात बायकांनी केलेलं घराचंच धरतात. तुझ्या आईने घातलेल्या लोणच्याला लोक आप्पांकडचं लोणचं म्हणतात, तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. जयंताला लिहितो, तो दुसरा संच आणील. साहेबाच्या घरचा विषय आहे, शब्द वाढवू नकोस.

प्रकृतीस जपावे.
आप्पा

जयपूर
९ मार्च १९८७

ती. आप्पांस,
सा. न.

दुसरा संच नको. आणि घराचंच धरायचं होतं, तर हे 'आमच्या घरी केलं' म्हणाले असते. हे 'मी केलं' म्हणाले. लोणच्याचं म्हणाल, तर आईला एकदा विचारून बघा. मी विचारलं होतं, लग्नाआधी. तिचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

गेल्या मंगळवारी सिटी बस धरून मी एकटी जवाहर नगरला गेले. साहेब रजेवर, घरीच होते. मी म्हटलं, जहाज मी केलंय, मला न विचारता दिलंय, परत हवं. साहेब हसायला लागले, त्यांना थट्टा वाटली. मिसेस माथुर म्हणाल्या, दिलेली भेट कोणी परत नेतं का, आणि तेव्हाच का नाही बोललात? मी म्हटलं, चाळीस माणसांत माझ्या नवऱ्याचं हसं झालं असतं.

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्यासमोर ऑफिसात फोन लावला आणि ह्यांना एवढंच विचारलं, की जहाज कोणी बनवलं.  पलीकडून ऐकू आलं, जी, मिसेज ने. साहेबांनी फोन ठेवला. मिसेस माथुरांनी स्वतःची जुनी शाल जहाजाभोवती गुंडाळून दिली. सायकलरिक्षात मांडीवर घेऊन आले. एक दोर सुटलाय, बाकी धड आहे.

चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. प्रमोशनची यादी लागायची आहे, काय होईल ठाऊक नाही. त्याची धास्ती मलाही आहे, नाही असं नाही. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी खाली बघून विचारलं, किती दिवस लागले तुला? मी म्हटलं, चौदा महिने. ते म्हणाले, मला वाटलं, दोनतीन असतील.

आप्पा, आमच्या घरात टेबल एकच आहे. ताट वाढायच्या आधी मी रोज त्याच्यावरच्या पट्ट्या उचलत होते.

आईस नमस्कार. आशीर्वाद असू द्या, पण राग निवावा असा इतक्यात देऊ नका.

आपली,
निशिगंधा