शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंत

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार, सकाळी ७.१०
बेळगाव, वडगाव, शेवंताबाईंची माडी
सदरे खुंटीला लावून झाले. पेटीवर वही ठेवून लिहितो आहे. खाली घरमालकीण शेवंताबाईंचा माग चालू आहे. त्यांनी न मागता चहा दिला. मॅट्रिक हुकली, पण टायपिंग आलं म्हणून खडेबाजारात सुबरावअण्णांच्या कॉम्प्युटरवर काम मिळालं. जांबोटीत आई, गंगव्वा, एकटी. तिचं औषध माझ्या मनीऑर्डरीवर.

१५ नोव्हेंबर, वडगाव
विणकर संस्थेचं काम. प्रत्येक विणकराची फाईल कॉम्प्युटरमध्ये कुठे आहे, त्याची एक लांब वाट असते: गाव, गल्ली, घर, नाव, मधे तिरक्या रेघा. संस्थेला फक्त नावं हवीत. अण्णांनी बाकीचं पुसायची खूण शिकवली. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा, पुढे तिरकी रेघ. म्हणाले, "तारा लई हावरा असतोय रं. शेवटच्या रेघंपत्तूर समदं गिळतोय. उरंल ते आपलं."
आधी स्वतःचीच वाट टाईप केली: जांबोटी/वरची आळी/गंगव्वाचं घर/जोतिराम. उरलं जोतिराम. फार बरं वाटलं. मग सगळं वडगाव त्याच खुणेतून काढलं. फ्लॉप्या कमी, म्हणून मूळ यादीवरच साठवलं.

१७ नोव्हेंबर
डोळे चुरचुरतात. विणकर मायाप्पा ऑफिसात आले. चहाला बाहेर पडले ते घरच सापडेना म्हणाले. अण्णांनी थट्टा केली, "सकाळीच घेतलायसा व्हय, आप्पा?" ते हसले नाहीत. यादीत पाहिलं. नुसतं मायाप्पा.

१८ नोव्हेंबर
ऑफिसच्या पायरीवर विणकर सोनुबाई, सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन. मागे आणखी लोक. नाव विचारलं की सगळे बरोबर सांगतात. घर विचारलं की परत नावच सांगतात. परत टाईप करावं म्हणून शेजाऱ्यांना विचारलं, तर शेजारीही यादीतलेच.
अण्णांनी विचारलं, "मूळ ठिवलं न्हाईस?" मग स्वतःच फ्लॉप्यांचा खण उपसायला लागले.

२० नोव्हेंबर
वडगावात एकही माग वाजत नाही. शेवंताबाई स्वतःच्या दारासमोर रस्त्यात बसलेल्या. त्यांना सांगितलं, घर तुमचंच. म्हणाल्या, "नगं बाबा. दुसऱ्याच्या घरात कशी शिरू?"
खूप थकलो. आईकडे जावं.

सोमवार
स्टँडवर कंडक्टरनं गाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं. परत विचारलं. तेच सांगितलं. मागचे ढकलत होते —
वहीत पहिल्या पानावर एक गाव आहे, जांबोटी. अक्षर माझंच. पण तिथे माझं कोण —

खर्च: चहा १.२०. बसभाडं दिलं नाही.
देणं: शेवंताबाई, खोलीभाडं ३०.
मनीऑर्डर ४०. पैसे खिशात आहेत. फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव नीट लिहिलं.
घेणाऱ्याचं —