पाच काजं, एक बटण

तीर्थरूप ताईस,

गुडघे कुरकुरत असल्याने बसल्या बसल्याच घातलेला साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडे तुझी कंबर आणि दाजींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (रागाची चौकशी उगाच केलेली नाही.)

शिवणशाळेत मास्तरची जागा निघाल्याचं तुला ठाऊक आहेच. बावीस वर्षं लोकांची मापं घेण्यात गेली, आता चार पोरांना शिकवावं ही माझी जुनी हौस. पण मुलाखत इंग्रजीत, आणि लांब इंग्रजी शब्द दिसला की माझी जीभ बिथरते. तू फोनवर म्हणालीस, शब्दाचे तुकडे पाड आणि एका तुकड्यावर जोर दे. अगं, तुकडे पाडणं हा तर माझा धंदा! ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ घेतला. रि, स्पॉन, सि, बि, लि, टी. सहा तुकडे, मध्ये पाच रेघा, चौथ्यावर जोर म्हणून फुली. हे सगळं हातातल्या खडूने, समोर पसरलेल्या कोटाच्या पाठीवर. जेवायला जाताना अक्षरं झटकली, पण रेघा आणि फुली दाबून मारलेल्या, त्या तशाच राहिल्या.

आता आमच्या दुकानात रेघ म्हणजे काज आणि फुली म्हणजे बटण. खुणेला प्रश्न विचारायचा नाही, हा नियम मीच केलेला (फार मिरवायचो त्याबद्दल). काजबटणवाल्या मावशी नियमाच्या पक्क्या. परत येतो तर कोटाच्या पाठीवर पाच काजं आणि एक बटण! मी कपाळाला हात लावला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "मलाही वाटलं, पाठीला कशाला? पण म्हटलं, नवी फॅशन असेल."

मुलाखतीत मोठ्या बाईंनी विचारलं, चांगल्या शिक्षकाकडे काय हवं? नेमका तोच शब्द ओठांवर आला आणि ‘स्पॉन’पाशी अडकला. मग सरळ उठलो, फळ्यावर पाच रेघा आणि फुली काढली, बोट ठेवत ठेवत शब्द पार केला, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत कोटाची हकीकतही सांगून टाकली. बाई हसता हसता चष्मा पुसायला लागल्या. म्हणाल्या, स्वतःची चूक सांगणारा मास्तर आम्हाला हवाच होता. ताई, जागा मिळाली! सोमवारी रुजू व्हायचंय.

तुझा,
धाकटा

ता. क. कोट दाजींचा होता. नवी पाठ लावतोय. त्यांना तूच सांग, जेवण झाल्यावर.

आणखी एक ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं: सोमवारी येशील का? मला फार भीती वाटतेय. मागच्या बाकावर बस. चुकलो तरी दुरुस्त करू नकोस, नुसती दिसत राहा.