रंगमंचामागची खोली

मी, विनोदिनी श्रीपाद हिशीकर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाचाही दबाव नसताना लिहीत आहे. दबाव होता तेव्हा मी काही लिहिले नाही.

१. गोल बाजारामागचे नाट्यगृह सासरे यज्ञेश्वर यांनी बांधले. मुले ते विकतील या भीतीने त्यांनी आपल्या मृत्युपत्रात अट घातली: घरातले एक माणूस रंगमंचामागच्या खोलीत कायम राहील तोवर नाट्यगृह कुटुंबाचे; खोली सुटली की शहरातल्या नाट्यमंडळाचे. पतीची नोकरी रेल्वेतली, बदलीची. मी राहिले. खोलीला एकच खिडकी. ती रंगमंचाकडे उघडते.

२. चौबे कॉलनीतले घर व बँकेतली ठेव मुलगा यशदीप याला. नाट्यगृहाच्या जीर्णोद्धारासाठी तो झटला, हे मान्य आहे. थरावर थर खरवडून त्याने सासऱ्यांच्या वेळचा निळा रंग वर काढला, चुन्याचा गिलावा करवला. मी बाहेर पडायचे म्हटले की म्हणे, "आई, बस उद्घाटन तक." उद्घाटन झाले. मी तिथेच.

३. खोलीतली माझी शेगडी वास्तुविशारद भार्गव यांना. नकाशात माझ्या खोलीवर त्यांनी 'आहे तशी जतन करावी' असे लिहिले होते. मी विचारले, "मलेही काय?" ते हसले. "काकू, तुम्ही तर इथली शान आहात." शेगडी त्यांनी स्वतःच्या घरी न्यावी आणि तिच्यावर रोज चहा करावा.

४. पितळी घंटा रंगमंचाचीच आहे. प्रयोगाआधी ती मी वाजवत असे. आता पगारावर माणूस ठेवावा.

५. बांगड्या व पुस्तके नात इरावती हिला. तेलीबांध्याचे भाड्याचे घर सोडून माझ्यामागे त्या खोलीत राहायचे, असे यशदीपने तिला सांगितले. ती मान डोलावून "हव" म्हणाली. सामान ठेवायला आली तेव्हा खिडकीपाशी उभी राहिली.

"आजी, यहां से दिखता क्या है?"

"नट लोकाईच्या पाठी."

ती खोक्यातून आपले कपडे काढू लागली. मी ते परत आत ठेवले. वर माझी दोन लुगडी ठेवली.

६. नाट्यगृह मी कोणालाही देत नाही. तो हक्क माझ्याकडे उरलेला नाही. खोलीची किल्ली मी नाट्यमंडळाच्या चिटणीस मीराताईंच्या हाती दिली आहे. यशदीप म्हणेल, आई चार दिवस नातीकडे गेली होती. तसे नाही. मी इथे राहायला आले आहे.

हे साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहिले. मग आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
निरंजन वझलवार, वरच्या मजल्यावरचे
कुसुम देवपुजारी, समोरच्या

सही: विनोदिनी श्रीपाद हिशीकर
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५
स्थळ: इरावतीचे घर, तेलीबांधा, रायपूर. खिडकी तलावाकडे.